एक्स्चेंजनाना आणि दोन नंबरचा पडदा

कुणाच्याही फोनची घंटा वाजली की आमचे एक्स्चेंजनाना उठून बाहेर जायचे. फोन कुणाचा का असेना आणि ते बसलेले कुठं का असेनात. दवाखान्यात नंबर लावून बसलेले असोत नाहीतर न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असो, घंटा वाजली की नाना बाहेर. गालाला साबण लावलेले नाना भर बाजारात उभे असलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. आत न्हावी मेव्हण्याशी फोनवर बोलत होता आणि बाहेर नाना टमाट्याचे टेम्पो बघत होते.

मी आमच्या दुकानातून ओरडले, "अहो नाना, न्हाव्याच्या मेव्हण्याचं असं काय मोठं गुपित असणार?"

"ते न्हाव्याला ठाऊक, वैनी," नाना म्हणाले. "मला कशाला?" आणि आत डोकावून "झालं का रं बोलून?" अशी खात्री करून घेतल्यावरच खुर्चीत जाऊन बसले.

आता मी पडले नेमकी उलट. खोटं कशाला बोलू, दुसऱ्याचं बोलणं ऐकायला मला फार आवडतं. माझं माहेर राजस्थानातलं, लग्न होऊन नारायणगावात आले ती जेमतेम मराठी घेऊन. कुणी काय बोलतंय ते कान देऊन ऐकल्याशिवाय मला भाषा आली असती का? कान द्यायची सवय तिथून लागली आणि भाषा आली तरी सुटली नाही. यांचं कापडाचं दुकान. त्याच्या पुढच्या पडवीत मी एसटीडी बूथ टाकला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या की हिला हवा तोच धंदा मिळाला. काचेच्या त्या खोक्यात माणूस शिरला की मी हिशेबाच्या वहीत मान घालायची आणि कान तिकडं लावायचे. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाचा मुलगा मुंबईला कामावर नाही तर नुसताच राहतो, सगळं मला ठाऊक.

अशा माझ्या बूथवर नाना दर आठवड्याला येऊन बसत. फोन करायला नाही, नुसते बसायला. गिऱ्हाईक आलं की उठून रस्त्यावर जायचे, ते गेलं की परत स्टुलावर. एका बैठकीत वीस वेळा उठत. फक्त मी माहेरी फोन लावला की मात्र जागचे हलायचे नाहीत. मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसून राहायचे. मला त्याचा राग यायचा. सगळ्या तालुक्याच्या गुपिताला मान आणि माझ्या आईशी मी बोलते त्याला काडीची किंमत नाही, असं वाटायचं. एकदोनदा मी मुद्दाम घसा खाकरून पाहिलं, पण ते ढिम्म.

एक्स्चेंजनाना हे नाव त्यांना नोकरीनं दिलेलं. खरं नाव मारुती भिकाजी गाडगे, राहणार निमगाव सावा. तालुक्यातल्या एका टेलिफोन एक्स्चेंजवर ते ऑपरेटर होते. तेव्हा नंबर फिरवला आणि लागला असं नव्हतं. ऑपरेटरला सांगायचं, मग तो बोर्डावर दोरी इकडची तिकडं खोचून देणार. बोलणं चालू आहे का संपलं हे कळायला त्यालाच मधून मधून कान लावावा लागे. म्हणजे तालुक्यात कुणाचं कुणाशी काय चाललंय हे या एका माणसाला ठाऊक. निदान लोक तरी असंच समजत.

म्हणून सोयरीक जुळवायची असली की लोक नानांकडं यायचे. "नाना, ते घर कसं हाये? तुमी तर समदं ऐकताय." नानांचं उत्तर ठरलेलं होतं. वर बघायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "लाइन खराब व्हती." बाजारभाव विचारा, कुणाच्या मुलाला नोकरी लागली का विचारा, दुसऱ्याच्या फोनवरून कळणारं काहीही विचारा, लाइन खराब व्हती.

एकदा यानं भलतंच झालं. महाळुंगे पडवळच्या एका मुलीचे वडील मुलाकडच्यांची चौकशी करायला आले आणि नाना म्हणाले, "लाइन खराब व्हती." त्या गृहस्थांना वाटलं की नाना सज्जन माणूस, वाईट बोलवत नाही म्हणून खुबीनं सुचवतोय. त्यांनी बोलणी मोडली. मुलाकडचे भांडायला एक्स्चेंजवर आले. नानांनी दोन्ही घरी जाऊन पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पण तेव्हाही "मुलगा चांगला आहे" एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. "खरंच लाइन खराब व्हती हो," हेच सांगत राहिले. लग्न झालं शेवटी. पंगतीला नवरदेवाच्या मामाच्या घरातला फोन वाजला आणि नाना भरल्या ताटावरून उठले, ही पुढची गोष्ट.

त्यांची बायको सरूबाई बाजाराला आली की माझ्याकडं बसायची. बिचारी फार बोलकी. "वैनी, या माणसाला तालुक्यातलं समदं ठाऊक," ती म्हणायची, "आन् मला माझ्या भावाच्या घरचं शेजारणीकडनं कळतं. काय झालं आज इचारलं, तर म्हणतो लाइन खराब. जेवताना गप, निजताना गप. भिताडासंगं संसार केला बगा मी." हे ती हसत हसत सांगायची. पुढं एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं, बोर्ड निघाला, नानांना त्याच ऑफिसात सामानाच्या खोलीत बसवलं. ते रिटायर झाले आणि दीड वर्षात सरूबाई गेली. मूलबाळ नव्हतं.

मोबाइल आले तेव्हा नानांचे फार हाल झाले. नारायणगावाहून जुन्नरला जायच्या जीपमध्ये चौदा माणसं बसवतात. त्यातल्या एकाचाही फोन वाजला तर नाना उठून जाणार कुठं? सुरुवातीला ते जीप थांबवून उतरायचे. एकदा सकाळी नवाला निघालेले नाना चार जीपा बदलून दुपारी जुन्नरला पोचले. मग जीपवाले त्यांना ओळखायला लागले आणि घ्यायचेच नाहीत. त्यांनी दोन बोटं कानात घालून तोंडानं "ऊं ऊं" करायचं सुरू केलं. शेजारचा पावणा विचारी, "बाबा, कान दुखतोय का?" नाना म्हणत, "तुमी हळू बोला पावणं, हितं चौदा जण हायेत." त्यावर पावणा सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "मग? आपण काय चोरी केली का?"

बूथचा धंदा बसला तेव्हा मी त्याच पडवीत सायबर कॅफे टाकला. तीन कॉम्प्युटर, प्लायवूडच्या तीन केबिनी आणि त्यांना यांच्या दुकानातल्या उरलेल्या ताग्याचे फुलाफुलांचे पडदे. एक आणि तीन नंबरला पंख्याचा वारा यायचा. दोन नंबर भिंतीच्या कोपऱ्यात, तिथं सहसा कुणी बसत नसे, गर्दी झालीच तर गेम खेळायला पोरं. मुलाशी परदेशात बोलायला आईबाप यायचे, निकाल बघायला कॉलेजची मुलं यायची.

आणि एका मंगळवारी चक्क नाना आले. म्हणाले, "वैनी, मला बसायचंय. तासभर."

मी म्हटलं, "शिकवू का नाना?" तर म्हणाले, "नगं. येतंय मला." आणि दोन नंबरमध्ये जाऊन पडदा ओढून घेतला. तेव्हापासून मंगळवार आणि शनिवार, अकरा ते बारा, दोन नंबर नानांचा. डोक्याला हेडफोन लावून आत बसत. मी बाकी प्रत्येकाच्या केबिनमध्ये काही ना काही निमित्तानं डोकावले असेन, पण नानांच्या पडद्याला हात लावायची हिंमत झाली नाही. हा माणूस आत काय करतो, कुणाला लिहितो, या विचारानं मला खाणं गोड लागत नव्हतं म्हणा ना.

मग वरून आदेश आला. "वरून आलंय" हे आमच्या हवालदारांचं आवडतं वाक्य. कॅफेत येणाऱ्या प्रत्येकाचं रजिस्टर ठेवायचं. नाव, पत्ता, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात काय काम केलं ते. आणि पडदे काढायचे. हवालदार माणूस चांगला, पण वरून आलं म्हटल्यावर त्यांचाही इलाज नव्हता.

नाना तेव्हा दुकानातच होते. ते म्हणाले, "हवालदार, मी सरकारी माणूस. डाकेतलं पाकीट फोडायचं तर लेखी हुकूम लागतो, हे तुमालाबी ठाऊक हाये. आन् हितं नुसतं वरून आलं म्हणजे झालं?"

"नाना, चोरबीर धरायला असतंय ते. ज्याला लपवायचं नाय, त्यानं कशाला भ्यायचं?"

"तुमी घरी पत्र लिवलं तर पाकीट चिकटवता का न्हाई?"

"चिकटवतो की."

"मंग काय चोरी करता व्हय त्यात?"

हवालदार हसले. शेवटी यांनी कात्री आणून पडदे अर्धे कापले. माणसाचं डोकं दिसावं आणि कॉम्प्युटर झाकलेला राहावा, अशी तोड निघाली. दोघंही खूश झाले. पण रजिस्टरात नाव घालायला नाना काही तयार होईनात. "मी कवा आलो ते लिवा. मी कोण आन् काय केलं, ते कशाला?" म्हणून त्यांच्या ओळीत मी नुसती वेळ लिहायची आणि नावाच्या जागी रेघ ओढायची. इतरांच्या ओळी दिसू नयेत म्हणून रजिस्टराकडं पाठ करून उभे राहायचे ते.

असाच एक मंगळवार. नाना दोन नंबरमध्ये होते आणि तीन नंबरमध्ये एक बाई आली. ती कोण, कुठल्या गावची, हे मी तुम्हांला सांगणार नाही. लहान मुलांना खाऊ वाटायच्या कामावर होती, साधी मानधनावरची नोकरी, घरात मिळवणारी ती एकटी, एवढं पुरे. तिनं मला हळूच विचारलं, "वैनी, नाव न घालता पत्र जातं का हो यातनं?" मी तिला नवीन खातं उघडून दिलं. दोन ओळी वाचल्याही, माझा स्वभाव. मुलांच्या वाटणीची पोती एका पुढाऱ्याच्या टेम्पोतून परस्पर दुसरीकडं जातात, असं तिनं जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना लिहिलं होतं. लिहिताना रडत होती. रजिस्टरात तिनं आपलं खरं नाव घातलं आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, मुलाचा निकाल पाहिला.

दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळी हवालदार आले. हातात तेच पत्र, कागदावर छापलेलं. "वैनी, हे तुमच्या हितनं गेलंय. मंगळवारी अकरा ते बारा. पुढारी लई तापलेत. सोमवारी आमचे नवीन साहेब सोता येणार, त्या दिवसाचं रजिस्टर काडून ठेवा." आणि गेले.

मी पान काढून पाहिलं तर त्या तासात दोनच ओळी. एकीत नुसती रेघ, आणि दुसरीत त्या बाईचं नाव, गाव, सगळं. साहेबानं पान उघडायचा अवकाश, बाईची नोकरी गेलीच. आणि त्या पुढाऱ्याच्या माणसांनी तिला गावात सुखानं राहू दिलं नसतं. यांना सांगितलं तर म्हणाले, "आपण कोर्टकचेरीतली माणसं नाही. मागितलं ते देऊन टाक आणि मोकळी हो." मी यांच्यावर चिडले, पण मला दुसरं काय सुचत होतं? पान फाडावं तर शिवलेलं रजिस्टर, पानावर नंबर घातलेले.

तेवढ्यात अकरा वाजले आणि नाना आले. माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला. "तुमच्या त्या रेघेपायी हे झालं. तुमचं नाव असतं तर निदान दोन माणसांत संशय वाटला गेला असता. आता ती बिचारी एकटी सापडणार. पाकीट पाकीट करता, आता घाला ते पाकीट चुलीत." मी पुष्कळ बोलले. माझे डोळे भरून आले होते.

नाना म्हणाले, "रजिस्टर द्या."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते मागितलं. आधी टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या फाडल्या. मला म्हणाले, "माझी ओळ तेवढी उघडी ठेवून बाकी झाका." मी झाकल्या. दोरीनं बांधलेलं तेच पेन घेऊन त्यांनी रेघेवर नाव लिहिलं, मारुती भिकाजी गाडगे. पत्ता, मुक्काम पोस्ट निमगाव सावा. अक्षर सरकारी, ठळक. आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, सांगायचं नाही.

"नाना," मी म्हटलं, "हे वाचून ते तुम्हांलाच धरतील."

"त्यात खोटं काय लिवलंय का म्या?" एवढं बोलून ते दोन नंबरमध्ये जाऊन बसले.

सोमवारी साहेब आले. एकीकडं निकाल पाहणारी बाई आणि दुसरीकडं सांगायचं नाही म्हणणारा माणूस. साहेबांनी बोट कुठं ठेवलं असेल, हे सांगायला नको. नानांना बोलावणं गेलं. तिथं काय झालं ते मला हवालदारांनी नंतर कितीदा तरी ऐकवलं. साहेबांनी विचारलं, पत्र तुम्ही लिहिलं का? नाना म्हणाले, सांगणार न्हाई. मग कुणी लिहिलं? लाइन खराब व्हती. पेन्शन बंद होईल, ठाऊक आहे का? हां, ते ठाऊक हाये. साहेबांनी त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं.

त्या मंगळवारी दुपारी दीड वाजता हवालदार माझ्याकडं हजर. "साहेब म्हणले, म्हातारा कुठल्या मशीनवर बसत व्हता ते बगून या. चालतंय का, इंटरनेट लागतंय का, समदं. दोन नंबर दाखवा."

मी दोन नंबरमध्ये गेले, बटण दाबायला टेबलाखाली वाकले आणि तशीच राहिले. इंटरनेटची वायर कॉम्प्युटरच्या डब्यातून निघून खाली पडली होती. आजकालची नाही, तिच्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. बहुतेक दिवाळीच्या झाडलोटीत निघाली असावी. म्हणजे चार महिने या कॉम्प्युटरवरून पत्र जाणं शक्यच नव्हतं. हवालदारांनी हे पाहिलं असतं की नाना सुटले असते आणि बाई अडकली असती.

मी उठले, पदर झटकला आणि म्हटलं, "हवालदार, हे मशीन तापायला वेळ लागतो. तोवर चहा घ्या."

आमच्याकडं त्या दिवसांत दुपारी दोनला लोडशेडिंग सुरू व्हायचं, घड्याळ लावून घ्यावं असं. इन्व्हर्टरवर फक्त माझ्या टेबलावरचा दिवा आणि पंखा. मला अर्धा तास काढायचा होता, आणि बोलण्यात वेळ काढणं मला काही अवघड नाही. चहा केला. मग चिवडा काढला. हवालदारांच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशी केली. माझ्या नणंदेच्या लग्नात पापड कसे कमी पडले ते पहिल्यापासून सांगितलं. हवालदार दोनदा उठले आणि दोनदा मी त्यांना बसवलं. पापड संपून लोणच्यावर येते तोच लाइट गेली.

"गेली का?" हवालदार म्हणाले.

"गेली की," मी म्हटलं. "आता सहाशिवाय नाही. उद्या या तुम्ही."

ते गेल्यावर मी बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरले आणि वायर जोडली. बाहेर येताना हातात आणखी एक वायर आली. नानांच्या हेडफोनची. तिची पिन कशातच नव्हती. ती एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून टेबलाच्या पायाला नीट बांधून ठेवलेली होती.

मी तिथं जमिनीवरच बसून राहिले. पत्र नाही, गाणं नाही, काही नाही. वर्षभर हा माणूस मंगळवार-शनिवार इथं येऊन करत काय होता?

बुधवारी हवालदारांनी मशीन पाहिलं, ते नीट चालत होतं. "म्हाताऱ्याचं पत्र यात कुठं दिसंल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्याच्या पासवर्डात." "पासवर्ड काय?" "तो नानांना विचारा. मी गिऱ्हाइकाच्या केबिनमध्ये बघत नाही." हे शेवटचं वाक्य मी कसं बोलले ते माझं मला ठाऊक. यांनी दुकानातून मान काढून माझ्याकडं पाहिलं.

त्याच आठवड्यात ती बाई आली. तोंड उतरलेलं. "वैनी, माझ्यापायी म्हातारा माणूस रोज बाकावर बसतोय. मी जाऊन सांगते."

"काय सांगतेस?" मी म्हटलं.

"पत्र मी..."

"लाइन खराब आहे बाई," मी म्हटलं. "मला काही ऐकू येत नाही. घरी जा, मुलं वाट बघत असतील." तिनं डोळे पुसले आणि गेली.

दोन आठवडे नाना रोज सकाळी निमगाव साव्याहून डबा घेऊन येत आणि चौकीच्या बाकावर बसत. चौकीतला फोन वाजला की उठून व्हरांड्यात जात. पहिल्या दिवशी ते पळून चाललेत असं वाटून दोन शिपाई मागं धावले होते. शेवटी साहेबच कंटाळले. या माणसाला किती वाजले विचारलं तरी सांगेल की नाही शंका आहे, असं म्हणाले म्हणे. तिकडं जिल्ह्याहून कुणीतरी येऊन पोती मोजून गेलं आणि पुढाऱ्यालाही मग पत्राचा विषय नको झाला. पेन्शनला हात लागला नाही. फक्त माझे पडदे मात्र गेले. उरलेले अर्धेही काढायला लावले.

पुढच्या मंगळवारी अकराला नाना आले. पडद्याची रिकामी दोरी पाहिली आणि दोन नंबरमध्ये जाऊन बसले. एकमध्ये एक आई परदेशातल्या मुलाशी बोलत होती. नानांनी हेडफोन लावला, डोळे मिटले.

ती गेल्यावर मी स्टूल घेऊन त्यांच्याजवळ बसले. "नाना, ती पिन कुठं जोडता हो?"

त्यांनी हेडफोन काढून हातात धरला.

"एक्स्चेंजवर कान लावायला लागायचा वैनी, बोलणं चालू हाये का बगायला. नुसती गुणगुण आली की मी काडून घ्यायचो. शबूद न्हाई ऐकले कधी. पण गुणगुण ऐकली की बरं वाटायचं. समदी माणसं जागेवर हायेत, बोलत्यात." त्यांनी हेडफोन कानाशी नेला. "आता घरी कुणीच बोलत न्हाई. हितं बाजूला माणसं बोलत्यात. हे कानाला लावलं की शबूद येत न्हाईत, गुणगुण तेवढी येती."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"सरू रोज इचारायची, आज काय झालं," ते म्हणाले. "एखादी गोष्ट बनवून तरी सांगायची व्हती तिला. बनवलेली सांगायला काय हरकत व्हती? पर तवा सुचलंच न्हाई."

मग एकदम आठवल्यासारखं हसले. "एक्स्चेंजवर मला तुमच्या लोकांचे फोन लई आवडायचे. मारवाडीतलं काय बी कळायचं न्हाई. भांडत्यात का लाड करत्यात, पत्ता लागायचा न्हाई. निवांत ऐकत बसायचो. पाप न्हाई, काय न्हाई."

तेव्हा मला ते बूथमधले नाना आठवले, मी आईशी बोलत असताना डोळे मिटून बसलेले. इतकी वर्षं मी त्यांच्यावर उगीच रागावले होते.

आई आता नाही, पण जोधपूरला बहीण आहे. मी उठले, टेबलावरचा फोन घेतला आणि तिला लावला. तिला वाटलं काही वाईट झालं. मी म्हटलं, काही नाही ग, सहज, सांग काय काय चाललंय. सगळं आमच्या मारवाडीत. ती सुरू झाली, मीही सुरू झाले. तिच्या सासूचं, माझ्या गुडघ्याचं, लोणच्यातल्या मिठाचं.

दोन नंबरमध्ये नानांनी हेडफोन टेबलावर ठेवला. भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. बारा वाजून गेले तरी ते उठले नाहीत आणि मी फोन ठेवला नाही.